कुंपणाशी गिळलेली हाक

मार्गशीर्षातली केशरभिजली, कोवळी सकाळ. सोनमाळावरच्या चिमुकल्या विमानतळावर धुकं विरत होतं, दवार्द्र गवत सुवर्णकांतीनं उजळत होतं आणि धावपट्टीच्या टोकाशी एक शुभ्र, लहानखुरं विमान उभं होतं. दूरच्या लग्नात गाणं व्हावं म्हणून कुणा हौशी यजमानानं गाणाऱ्या मंडळींसाठी ते खास ठरवलेलं.

त्या मंडळींतला तबलजी विश्वंभर. आयुष्यात पहिल्यांदा आकाशात जायचं, या नवलात तो भल्या सकाळीच घरातून निघाला. "येतो गं," म्हणाला आणि तबला लावायची हातोडी खाटेवरच विसरला. धांदरट माणूस, दुसरं काय.

नलिनी ती हातोडी घेऊन धापा टाकत तारेच्या कुंपणाशी पोचली. नवरा वीस पावलांवर होता, पाठमोरा, विमानाकडे चाललेला. नुसतं 'अहो' म्हटलं असतं तरी वळला असता.

हाक ओठांवर आली. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. आईनं शिकवलेलं, सासूनं घोटून घेतलेलं. नलिनीनं हाक गिळली. घेतील कुणाची तरी हातोडी मागून, असं स्वतःला समजावून ती गप्प उभी राहिली.

विमान धावलं. धावलं आणि वर उठलं, रविकिरणांत न्हालं, ताडाएवढं उंच गेलं. तिथंच क्षणभर अडखळलं, एका पंखावर कललं आणि माळावर कोसळलं. आधी आवाज, मग धूर, मग ज्वाळा. कुणीही वाचलं नाही. विश्वंभरचा चेहरासुद्धा लोकांनी तिला पाहू दिला नाही.

तेव्हापासून ती झुरते आहे. हेमंत सरला, पळस पेटून विझले, तरी झुरतेच आहे.

"अगं, हाक मारली असतीस तरी हातोडी घेऊन भावजी त्याच विमानात बसले असते," थोरल्या जाऊबाई म्हणतात. "कशाला जीव जाळतेस?"

"बसलेच असते, जाऊबाई. तेवढं कळतं मला," नलिनी म्हणते. "पण एकदा वळले तरी असते हो."

 जाऊबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहतात.

नलिनी डोळे मिटते. तीच ओली सकाळ, तेच सोनसळी ऊन, तीच वीस पावलं. ती 'अहो' म्हणते, पुन्हा 'अहो' म्हणते. पाठ चालत राहते, उजेडात लहान लहान होत जाते, आणि वळत नाही.