कॉन्टेसातला गारवा

नारायणरावांना उकाडा सोसत नसे, पण ते तुमच्याआमच्यासारखं नव्हे. मज्जासंस्थेच्या आजाराने पाय आधीच गेले होते. अंगात ऊन भिनलं की हातही लुळे पडत, जीभ जड होई. थंड खोलीत थोडा वेळ काढला की पुन्हा माणसात येत. त्यामुळे होळी झाली की पाऊस लागेपर्यंत भोरच्या घरातली एसीची खोली हेच त्यांचं जग.

एप्रिलात पासलीहून पारूबाईंचा फोन आला. "डॉक्टर, आमचं मालक पडलं. खुब्याचं हाड मोडलंय. धड खात न्हाईत, पीत न्हाईत. तुमचंच नाव घेत्यात."

मालक म्हणजे पारूबाईंचे पती सर्जेराव. नारायणराव वेल्हे तालुक्यात जनावरांचे डॉक्टर होते, तेव्हा सर्जेराव त्यांच्या दवाखान्यातले शिपाई. औषधांची पेटी डोक्यावर घेऊन दोघांनी मिळून सगळे डोंगर तुडवले होते. नारायणरावांच्या पत्नी शुभाताईंनी लगेच मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून दोघांची भेट घालून दिली. पण सर्जेरावांना ऐकू येईना. ते चित्राकडे नुसते बघत राहिले आणि तोंड फिरवून भिंतीकडे वळले.

"जायचं," शुभाताई म्हणाल्या.

"ह्या उन्हात?"

"गाडीत गारवा करू."

भाड्याच्या गाडीचा अनुभव त्यांनी गेल्या वर्षी घेतला होता. उंच सीटवर चढवताना नारायणराव चाकाची खुर्ची आणि दार यांच्या मधे घसरले होते, खांदा दुखावला होता. दारातल्या त्यांच्या जुन्या कॉन्टेसा गाडीची सीट मात्र सोफ्यासारखी बुटकी आणि सपाट. शुभाताई एकट्या त्यांना खुर्चीवरून अलगद तिच्यावर सरकवत. गाडी धावती होती. एसी तेवढा कित्येक वर्षांपूर्वी मेला होता.

भोरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि मान हलवली. "वहिनी, ते धूड काढून टाका. एसीचा पंप जाम आहे, आणि त्यात भरायचा जुना गॅस आता मिळत नाही." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. शुभाताई दोघांचं ऐकून घेऊन तिथूनच कापूरहोळला गेल्या. फाट्यावर सारिका नावाची बाई गाड्यांच्या एसीची कामं करते, एवढंच त्यांच्या कानावर होतं.

सारिकाने पंपाची पुली हाताने फिरवून पाहिली. हलली नाही. "दुसऱ्या गाडीचा पंप बसवावा लागंल. नवा गॅस घालायचा तर आतलं जुनं तेल धुऊन काढायचं, झाडून सगळे रबर बदलायचे. व्हईल. पण काकू, मधेच सोडणार आसाल तर आत्ताच सांगा."

"मी सोडणारी नाही. तू सोडू नकोस."

सारिका हसली. "मग ठेवा गाडी."

शेजारच्या रतनबाईंना नारायणरावांजवळ बसवून शुभाताई रोज एसटीने कापूरहोळ गाठू लागल्या. पंपाची बैठक लेथवाल्याकडून करून आणली. नळ्या धुतल्या, बसवल्या. मग गॅस भरण्याआधी आत दाबाची हवा भरली तर दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हळूहळू उतरायला लागला. शुभाताईंनी साबणाचं पाणी जोडाजोडाला लावलं. बुडबुडा कुठेच नाही.

"म्हणजे आतली थंडाव्याची कॉइल गळतीय," सारिका म्हणाली. "सगळा डॅशबोर्ड काढायला लागतोय."

"काढ."

कॉइल निघाली ती कुजलेलीच. तशी दुसरी मिळेना. शुभाताई पुण्यात जुन्या सुट्या भागांच्या बाजारात उन्हातान्हात फिरल्या, दुकानदारांची टिंगल सोसली, आणि चौथ्या गल्लीत जवळपास त्याच मापाची कॉइल हातात घेऊनच थांबल्या. सारिकाने ती बसवली, गॅस भरला. जाळीतून पहिला थंड झोत तोंडावर आला तेव्हा दोघी लहान मुलींसारख्या खिदळल्या.

पण भाटघरच्या रस्त्याला चाचणीसाठी नेली तर पहिल्याच चढाला इंजिन उकळलं. बॉनेटमधून वाफ निघू लागली. शुभाताई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं. पारूबाईंनी फोनवर सांगितलं होतं, सर्जेराव काल फक्त पाण्यावर होते.

सारिका त्यांच्या शेजारी टेकली. "काकू, पंप बरा हाय, गॅस बरा हाय. आता फकस्त इंजिनाला वारा कमी पडतोय. टेम्पोचा पंखा लावू म्होरं."

शुभाताईंनी पदराने तोंड पुसलं. "चल. आजच लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉन्टेसा निघाली. मागच्या सीटवर बर्फाचा डबा होता. "वाटेत बंद पडली तर?" नारायणरावांनी विचारलं.

"तर बर्फ आहे. आणि मी आहे."

नसरापूर गेलं, वेल्हे गेलं. पुढच्या उभ्या चढाला इंजिनाच्या तापमानाचा काटा लालाकडे सरकला. शुभाताईंनी एसी बंद केला. "अहो, थोडंच. धीर धरा." माथा येईपर्यंत नारायणरावांचे शब्द अडखळू लागले, हात मांडीवरून घसरला. शुभाताईंनी एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने बर्फातला पंचा त्यांच्या मानेवर दाबला. काटा उतरला तसा एसी पुन्हा लावला. जाळी त्यांच्या तोंडाकडे वळवली.

"शुभा," शेवटी नारायणराव स्पष्ट म्हणाले, "डावीकडे वळ. चुकशील."

पासलीत गावातल्या दोघांनी नारायणरावांची खुर्ची उचलून उंबऱ्याच्या आत ठेवली. घरात गारवा होता. सर्जेरावांनी डोळे उघडले, बराच वेळ पाहिलं.

"सायेब," ते म्हणाले, "पेटी कुठाय?"

"पेटी तुझ्याकडं असायची, गड्या. मला काय विचारतोस?"

सर्जेराव हसले. पारूबाई भाताची पेज घेऊन तशाच उभ्या होत्या. नारायणरावांनी हात पुढे केला. चमचा थरथरत गेला, थोडी पेज गोधडीवर सांडली, पण उरलेली सर्जेरावांच्या तोंडात पडली. त्यांनी ती गिळली.

"जनावराला पाजताय का काय?" ते पुटपुटले. "जरा बेतानं."

पारूबाईंनी डोळ्याला पदर लावला. शुभाताई बाहेर आल्या, इंजिन निवेपर्यंत थांबल्या आणि परतीच्या वाटेसाठी रेडिएटरमध्ये पाणी भरून ठेवलं.

त्या उन्हाळ्यात कॉन्टेसाने पासलीच्या आणखी बऱ्याच फेऱ्या केल्या. पावसाच्या तोंडाला सर्जेराव लोडाला टेकून बसू लागले, आणि नारायणरावांना यायला उशीर झाला की पारूबाईंना फोन लावायला सांगू लागले.