कौसाबाईची जागा

इद्रिस पिंजाऱ्याला हिवताप आला, म्हणून त्या संध्याकाळी रतिलालबरोबर पाण्याच्या पाटावर त्याची चुलत भावजय धनुबाई गेली आणि बेडूक संपल्याचं उघड झालं.

रतिलालचे कान कधीचेच गेलेले. जवळ उभं राहून मोठ्यानं बोललं तर कळे, बेडकांचा आवाज मात्र नाही.

"बोली ऱ्हायनात ना, वहिनी?"

"कोन? आठे काहीच नही, भाऊ. मी रोज आठेतूनच चारा लई जास. मागला श्रावणपासून हाऊ पाट मुकाच शे."

कापसावर फवारायचं औषध गावात आलं, तेव्हा शाळेच्या मास्तरांनी सुचवलं होतं : पावसाळ्यात दिवेलागणीला बेडकांवर कान ठेवा, जिथे ते गप्प होतील, तिथल्या शेतात औषध बंद करू. चार-पाच घरांनी जागा वाटून घेतल्या. कुणाकडे गुरांच्या पाण्याची हाळ, कुणाकडे तापीचा डोह. केळीच्या बागेजवळचा पाट रतिलालच्या बायकोकडे, कौसाबाईकडे आला. बेडकांची राखणदारीण म्हणून गाव तिला हसलं, पण तिनं एक संध्याकाळ चुकवली नाही. घरी आली की नवऱ्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगायची.

गेल्या वर्षी वैशाखात ती गेली. जागा रतिलालनं घेतली आणि कानांसाठी इद्रिसला सोबत नेऊ लागला. इद्रिस 'हो' म्हणे. रतिलाल पारावर येऊन सांगे, पाटावर सगळं ठीक आहे. त्या भरवशावर पाटालगतच्या शेतात चुनीलाल कापसावर फवारत राहिला.

धनुबाईला घरी पोचवून रतिलाल तडक इद्रिसकडे गेला. इद्रिस गोधडीत बसला होता.

"कसाले खोटं बोलना तू?"

इद्रिसनं बायकोकडे पाहिलं. रशिदा म्हणाली, "मन्हाकडे काय दखतस? मी रोज म्हने, सांगी टाका. तर म्हने, सकाय सांगसू. सकाय, सकाय करता ताप भरना."

"पहिले खरंच बोलत व्हतात, भाऊ," इद्रिस म्हणाला. "मंग बंद पडनात. तू काठी टेकीसन मन्हा तोंडकडे दखे. भाभीनी जागा ती. नही कसं म्हनू?"

रतिलालला राग धरता आला नाही. धनुबाई रोज तिथून जाते हे त्यालाही माहीत होतं. तिला त्यानं कधी विचारलं नव्हतं. ज्याचं उत्तर ठाऊक होतं, त्यालाच तो विचारत आला होता.

दुसऱ्या दिवशी तो चुनीलालच्या शेतावर गेला. बांधावर औषधाचा वास होता. चुनीलालनं पाठीवरचा पंप खाली ठेवला आणि आदरानं जवळ येऊन ओरडून विचारलं, "काय रतिलालभाऊ, भाभीना पाट चांगला शे ना?"

सांगायचं ते ओठांवर होतं. पण सांगितलं की जागा ऐकू येणाऱ्या कुणाकडे तरी जाणार, आणि कौसाबाईचं एवढंच उरलेलं. रतिलालनं मान हलवली. हो.

चुनीलालनं पंप पुन्हा पाठीवर घेतला.

त्याला आठवडा झाला. इद्रिस बरा झाला आहे, पण रतिलाल पाटावर एकटाच जातो. चुनीलालला सांगायचं राहिलं आहे. मास्तरांनाही राहिलं आहे. फवारणी अजून बंद झालेली नाही.