मुळ्याचा वाफा

भावाच्या नातीने मुळा उपटला, फ्रॉकला पुसला आणि आता तोंडात घालणार, तोच मागच्या पायरीवरून छबी ओरडली, "थांब! तसाच खाऊ नकोस."

पोर दचकली. छबीने पुढे होऊन मुळा काढून घेतला. केस पांढरे झाले तरी घरात तिला सगळे छबीच म्हणत. आठ दिवसांसाठी ती भावाकडे, म्हणजे बाबांच्याच घरी राहायला आली होती. सकाळीच तिने पाहिलं होतं, दादाने ढब्बूची घाण फावड्याने उचलली आणि मुळ्यांच्या ओळीत खुरप्याने मातीआड केली. ढब्बू म्हणजे दादाचा कुत्रा. वहिनी गेल्यापासून दादा माणसांपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलत असे.

"कधीपासून घालतोयस हे?" तिने दादाला विचारलं.

"दोन वर्षं झाली. मुळे बघ, मनगटाएवढे झालेत!"

"दादा, कुत्र्याची घाण खाण्याच्या भाजीला चालत नाही. त्यात जंतांची अंडी असतात. वर्षानुवर्षं मातीत तग धरतात ती."

दादाचा चेहरा उतरला. "बाबा नाही का सशांच्या लेंड्या घालायचे? त्याच वाफ्यातले मुळे खाऊन मोठे झालो ना आपण? तू प्रयोगशाळेत गेलीस आणि तुला मातीची किळस यायला लागली."

ते तिला लागलं. मातीची किळस, आणि तिला?

बाबा टपालखात्यात पत्रं वेगळी करायचे. मागच्या अंगणात त्यांनी सहा ससे पाळले होते. रविवारी सकाळी खुराडं झाडायचं काम या दोघा भावंडांचं. वाटाण्यासारख्या कोरड्या लेंड्या पत्र्याच्या डब्यात पडताना टणटण वाजत. दादा डबा खुळखुळवत पुढे, ती झाडू घेऊन मागे. मग बाबा उकिडवे बसून एकेक मूठ मातीत मिसळत. मुळा निघाला की तो शर्टाच्या बाहीला पुसून आधी तिला देत. जिभेला झोंबायचं, डोळ्यांत पाणी यायचं, तरी ती हट्टाने संपवायची.

"ससे पाला खायचे, दादा," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांच्या लेंड्यांची गोष्ट वेगळी. ढब्बू मांस खातो. त्याच्या पोटातले जंत आपल्यालाही बाधतात, पोरांना तर जास्तच."

दादा आत निघून गेला. जेवतानाही त्याने मान वर केली नाही.

छबीने तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली हेच पाहिलं होतं. तोंडी सांगून दादाला पटणार नाही, हे ती ओळखून होती. दुसऱ्या दिवशी तिने दोन बाटल्या भरल्या, एकीत ढब्बूची घाण, दुसरीत वाफ्यातली माती. मग दादाला म्हणाली, "चल, माझी जुनी जागा दाखवते." तो कुरकुरला, पण आला.

प्रयोगशाळेत तिच्या जागी आलेल्या बाईंनी हसून खुर्ची दिली. छबीने नमुने मिठाच्या दाट पाण्यात ढवळले, वर तरंगलं ते काचेवर घेतलं. मातीची काच बराच वेळ सरकवत राहिली आणि अचानक थांबली.

"बघ."

दादा घड्याळं दुरुस्त करणारा. उभी हयात भिंगातून बघण्यात गेलेली. सवयीने एक डोळा मिटून तो वाकला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला.

"हे गोल, जाड सालीचं?"

"तेच, जंताचं अंडं. आत वळवळतंय ना? ही अळी जिवंत आहे."

तो सरळ झाला, पण हात टेबलावरच राहिले. "पोरीला मी माझ्या हाताने मुळे दिलेत गं."

"तिची तपासणी करू. घाबरू नकोस."

परतताना बसमध्ये दादा घर जवळ आल्यावर एकदम म्हणाला, "आपला वाघ्या कुत्रा आठवतो? त्याची घाण बाबा लांब कुंपणाच्या कोपऱ्यात खोल पुरायचे. वाफ्याच्या आसपासही येऊ द्यायचे नाहीत. मला वाटायचं, वास येतो म्हणून."

छबीला ते आठवत नव्हतं. तिला फक्त ससेच आठवत होते. बाबांना हे ठाऊक होतं की नुसती शिसारी होती, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. पण खोरं खांद्यावर टाकून कोपऱ्याकडे जाणारी त्यांची पाठमोरी आकृती तिला इतकी स्पष्ट दिसली, की तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

पोरीच्या तपासणीत काही निघालं नाही. ढब्बूला डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं आणि दर तीन महिन्यांनी परत आणायला सांगितलं. मुळे उपटून कचऱ्यात टाकले. त्या वाफ्यात गुलाब लावायचे ठरले, आणि काम करताना हातमोजे घालायचे, अशी ताकीद छबीने दिली.

शेवटच्या दिवशी दोघं नवीन वाफा आखायला पुढच्या अंगणात उतरली. दादाने दोरी आणली.

"दोरी कशाला? बाबा पावलांनी मोजायचे," छबी म्हणाली. "दहा पावलं."

"बारा."

"दहा!"

"तुझी पावलं तेव्हा चिमणीएवढी, तुला काय आठवणार?"

मग भिंतीपासून दोघं टाचेला बोट लावत निघाली. दादा मोठ्याने मोजत होता, ती त्याच्या खांद्याला धरून मागे. आठवर तोल गेला, दोघं हसत सुटली आणि पुन्हा भिंतीपाशी जाऊन पहिल्यापासून मोजायला लागली.