पहिलं फावडं

गावात कोणाला खोटं बोलायचं असलं तर तो कुंजीलाल पटल्यांच्या घरावरून जात नाही, मागच्या गल्लीने जातो, असं लोक थट्टेने म्हणत. थट्टा का असेना, ती ऐकून कुंजीलालला आतून गुदगुल्या होत, हे त्याने कधी कबूल केलं नसतं. चोरखमाऱ्याच्या तलावातून नहराने येणारं पाणी कोणी केव्हा घ्यायचं हे ठरवणाऱ्या गावच्या पाणी संस्थेचा तो अकरा वर्षं अध्यक्ष होता. एवढ्या वर्षांत त्याने स्वतःच्या धानाच्या बांधीत पाळीच्या आधी घमेलंभर पाणी जाऊ दिलं नव्हतं. सख्ख्या भावाची पाळी त्याने एकदा कापली, तेव्हापासून भाऊ दिवाळीलाही येत नाही.

संस्थेचे नियम त्यानेच बसून लिहिले होते. पाचवा नियम असा की पाळी नसताना जो पाट फोडेल त्याची पुढची पाळी बुडेल. सहावा त्याहून वेगळा. कोणी पाट फोडताना दिसला तर पाहणाऱ्याने आधी हाक द्यायची. हाकेवर हात थांबला तर गुन्हा नाही. आणि ज्याने पाहूनही हाक दिली नाही, त्याची स्वतःची पाळी बुडेल, फोडणाऱ्याची नाही. या नियमाला तेव्हा लोक हसले होते. कुंजीलालने त्यांना समजावलं होतं, धान वाळताना पाहून माणसाचं डोकं फिरतं, एका हाकेने ते जागेवर येतं, आणि त्या वेळी तो हे अगदी मनापासून बोलला होता.

यंदा दसऱ्यानंतर पाऊस फिरकलाच नाही. हलका, लवकर पिकणारा धान कसाबसा निघाला, पण भारी धान नुकता निसवला होता आणि दाणा भरायला एक पाणी हवंच होतं. तलावातही फार नव्हतं. शेवटची फेरी सुरू झाली होती आणि शनिवारी नहर बंद होणार होता. सोमवारी पाळी नंदलालची होती, गुरुवारी धुरपताची आणि शुक्रवारी खुद्द कुंजीलालची. त्यानंतर कोणाचीच नाही.

सोमवारी भर दुपारी कुंजीलाल सायकलवर नहर पाहायला निघाला. मोहाच्या झाडाशी पोहोचला आणि समोर धुरपता दिसली. लुगडं खोचलेलं, हातात फावडं, नंदलालच्या पाटावर उभी. इकडेतिकडे बघून तिने फावडं उचललं.

कुंजीलालचं तोंड हाकेसाठी उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग ते मिटलं.

त्याने सायकल हळूच आडवी केली आणि तो झाडामागे बसला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. धुरपताचं पहिलं फावडं मातीत गेलं, मग दुसरं. बाई एकटी होती आणि दमत होती. मध्येच थांबून तिने कपाळ पुसलं, फावड्यावर रेलून बांधीकडे पाहिलं. त्या क्षणी साधं खाकरलं असतं तरी ती परत फिरली असती. कुंजीलालने श्वाससुद्धा जपून घेतला. आपण नियम मोडला जाण्याची वाट पाहत आहोत हे त्याला कळत होतं. छाती धडधडत होती आणि त्या धडधडीत एक घाणेरडा आनंद होता.

त्याचं कारण गावाला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्याची लेक ओमेश्वरी गोंदियाला कोर्टात जाऊन धुरपताच्या मुलाशी, वीरेंद्रशी लग्न करून आली. पोवाराची पोरगी जातीबाहेर गेली, तीही बापाला न सांगता. त्यानंतर एकदा आठवडी बाजारात धुरपताने भाजीच्या दुकानापाशी त्याला 'इवाई' म्हणून हाक मारली. चार लोकांत तिने आपल्याला व्याही म्हणावं, याचा त्याला एवढा संताप आला की पिशवीतली वांगी तिथेच टाकून तो घरी आला. तेव्हापासून ती त्याला पूर्वीसारखी 'भाऊ'च म्हणे, आणि विहीण म्हणून तिला 'इहीन' म्हणणं तर त्याच्या तोंडी कधी आलंच नाही. लेकीचं नाव त्याने घरात घेऊ दिलं नव्हतं. लोक म्हणत, कुंजीलालने मन मोठं करून गिळलं. त्याने काहीही गिळलं नव्हतं, तोंडात धरून ठेवलं होतं.

पाट फुटला. पाणी धुरपताच्या भेगाळलेल्या बांधीत शिरलं. ते चांगलं पसरेपर्यंत कुंजीलाल बसून राहिला. मग उठला, मोबाईलवर फोटो काढला, संस्थेच्या ग्रुपवर टाकला आणि मगच पुढे झाला. फोटोवर वेळ आली बारा एकतीस.

"धुरपता, पाळी कोणाची आहे आज?"

ती दचकली. फावडं हातातून पडलं. मग खाली बसून तिने दोन्ही हातांनी चिखल ओढला आणि फोडलेला पाट बुजवला.

"चुकलं भाऊ," एवढंच ती म्हणाली.

घरी त्याच्या बायकोने, सुखवंताने भात वाढला. ती बोलणारी बाई नव्हती, पण तिचं ध्यान सगळीकडे असायचं. ग्रुपवरचा फोटो तिनेही पाहिला होता.

"घरून तं बाराले निंगाले," ती म्हणाली. "दहा मिनिटाचा रस्ता. एवढा टाईम कुठी होते?"

"चेन उतरली होती सायकलची."

सुखवंताने त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटं स्वच्छ होती, ग्रीसचा ठिपका नव्हता. तिने वरणाची वाटी पुढे सरकवली. कुंजीलालने भात कालवला. चेनीचं काय विशेष, असं त्याने स्वतःला समजावलं. पण बायकोशी खोटं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि तिला ते कळलंय हेही त्याला कळलं होतं.

पुढचे दोन दिवस गावाने त्याला डोक्यावर घेतलं. पोरीच्या सासरालासुद्धा सोडलं नाही, याला म्हणतात सरळ माणूस, असं पानठेल्यावर बोललं जाई. तो आला की लोक बाकावर सरकून जागा देत. आधी हे ऐकून त्याला बरं वाटलं असतं. आता कोणी 'सरळ' म्हटलं की त्याला मोहाच्या बुंध्याची खरखर पाठीला लागल्यासारखी वाटे.

धुरपताच्या घरी काय चाललं आहे तेही कानावर येत होतं. तिच्या नवऱ्याचं नाव खुशाल, तो मोटरसायकलवरून पडून दोन महिने खाटेवर होता. वीरेंद्र नागपूरला कंपनीत, त्याला सुट्टी नव्हती. सासऱ्याचं करायला ओमेश्वरी गावात येऊन राहिली होती. दोन एकर धान हेच त्या घराचं वर्षभराचं खाणं. गुरुवारची पाळी बुडाली तर लोंब्या नुसत्या फोल राहणार होत्या.

बुधवारी चार वाजता समाजमंदिरात सभा भरली. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागे. सुखवंता त्यांच्यात बसली होती. धुरपता आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. तिच्या मागे दाराशी ओमेश्वरी थांबली. कुंजीलालने दाराकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे त्याला फक्त दारच दिसत होतं.

संस्थेचा सचिव तिलक उठला. त्याने पाचवा नियम वाचून दाखवला आणि फोटोचं सांगितलं.

"काकी, तुमाले काही म्हणाचं आहे का?"

"कायचं म्हणू?" धुरपता म्हणाली. "फोडला मीनंच. बांधीत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, पायवलं नाई. पाळी कापाची तं कापा."

सभेत कुजबुज झाली. रडारड होईल, भांडण होईल अशा तयारीने लोक आले होते. तिलकने लिहायला पेन उघडलं.

"एक गोष्ट आहे," धुरपता पुन्हा बोलली. "नंदलालभाऊचं पाणी माझ्या बांधीत गेलं, ते मले पचाचं नाई. किती वेळ गेलं ते सांगा. पुढच्या साली माझ्या पाळीतून तेवढं त्याले देईन. माझ्यापाशी घडी नव्हती." ती कुंजीलालकडे वळली. "भाऊ, तुमी मले केव्हा पायलं?"

तिच्या विचारण्यात डाव नव्हता. तिला फक्त हिशेब चोख हवा होता. कुंजीलालला वाटलं, हिने आरोप केला असता तर किती सोपं झालं असतं.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. साडेबाराला, एवढं म्हणायचं होतं. फोटो साक्षीला होता. त्याच्या शब्दावर कोणी दुसऱ्यांदा विचारलं नसतं, अकरा वर्षांची पुण्याई होती ती. धुरपताची पाळी बुडाली असती, त्याचे तीन एकर शुक्रवारी भिजले असते आणि तो मरेपर्यंत सरळ माणूस राहिला असता. जिभेवर शब्द तयार होता. त्याने वर पाहिलं. मागे सुखवंता त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती, मांडीवर ठेवलेल्या त्याच्या हातांकडे पाहत होती.

"बारा वाजून दहा मिनिटं झाले होते," कुंजीलाल म्हणाला.

तिलक गोंधळला. "काका, फोटो बारा एकतीसचा आहे."

"आहे."

"मंग मधातले एकवीस मिनिटं?"

"मोहाच्या झाडामागं बसून होतो. तिनं पहिलं फावडं उचललं तवापासून पाहून राहिलो होतो."

नंदलाल सतरंजीवर पुढे सरकला.

"हाक काऊन नाई देली?" नंदलालने विचारलं.

छातीत कळ आली, भोवळ आली, असं बरंच सांगता आलं असतं. कुंजीलालला त्याचा कंटाळा आला. दोन दिवसांत तो स्वतःला पुष्कळ सांगून चुकला होता.

"हाक देली असती तं ते थांबली असती," तो म्हणाला. "आणि तिनं थांबू नये असंच मले वाटत होतं. खुशालचं घर बुडावं असं मनात होतं. नियम तोंडावर होता, मनात घाण होती."

तिलकने वहीचं पान उलटलं. सहावा नियम वाचताना त्याचा आवाज उतरला होता. वाचून झाल्यावर त्याने अध्यक्षांकडेच पाहिलं, कारण निकाल सांगायची सवय त्यांची होती.

"वाचला ना? लिव मंग," कुंजीलाल म्हणाला. "धुरपताची पाळी कायम. शुक्रवारची माझी पाळी बुडाली." नहराच्या दाराची कंबरेला लावलेली किल्ली सोडून त्याने सतरंजीवर ठेवली.

कोणीतरी समजूत घालेल, किल्ली परत हातात देईल असं त्याला क्षणभर वाटून गेलं. माणसाचं मन किती लोचट असतं पाहा. तसं कोणी केलं नाही. मागून एक आवाज आला, "अकरा साल आमालेच शिकवून राहिला होता." नंदलाल चप्पल घालून निघून गेला. तिलकने थोडा वेळ वाट पाहिली आणि किल्ली खिशात टाकली. दाराशी आता ओमेश्वरी नव्हती, धुरपताही नव्हती.

घरी जाताना सुखवंता नेहमीसारखी मागे न राहता बरोबरीने चालली.

"चेन उतरली नव्हती," तो म्हणाला.

"मालूम आहे मले," ती म्हणाली. "चला, जेवाले उशीर होते."

गुरुवारी सकाळी तो नहरावर गेला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि त्याचं तिथे काही कामही नव्हतं. तिलकने कुलूप काढून नहराचं दार उघडलं होतं. धुरपताने पुढच्या सालाची वाट पाहिली नव्हती. आपल्या पाळीतली पहिली एकवीस मिनिटं, खोदण्यात गेलेला वेळही न वगळता, तिने नंदलालच्या पाटात सोडली, ओमेश्वरी मोबाईलवर वेळ पाहत उभी होती. मग पाणी तिच्या बांधीकडे वळलं. कुंजीलाल मोहाच्या झाडापाशीच थांबला, पण या खेपेला झाडाच्या पुढे, उन्हात.

एकेक बांधी भरत गेली. भेगांतून बुडबुडे येत होते. तिच्या शेवटच्या बांधीला लागून खाली कुंजीलालचं शेत सुरू होत होतं. तिथली माती पांढरी पडली होती आणि धानाची पानं टोकाकडून वळायला लागली होती. उद्या ही पाळी आपली होती, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. पश्चात्तापाने धान भिजत नाही, एवढं त्याला शेतकरी म्हणून कळत होतं.

दुपारी धुरपताचं शेत भरलं. पाळीचा तास-दीड तास अजून शिल्लक होता. तिने फावडं खांद्यावर टाकलं आणि धुऱ्याधुऱ्याने चालत ती खालच्या कडेला आली, तिच्या आणि कुंजीलालच्या शेताच्या मधल्या धुऱ्यावर. इकडेतिकडे तिने पाहिलं नाही. लुगडं खोचलं आणि फावडं उचललं.

ती काय करते आहे ते त्याला लगेच कळलं. बुडालेल्या पाळीच्या शेतात दुसऱ्याने पाणी सोडायचं नाही, हाही नियम होता. फावडं मातीत गेलं की पाणी त्याच्या बांधीत उतरलं असतं. त्याचे तीन एकर वाचले असते आणि तिला पाचव्या नियमाचीच शिक्षा, पुढची पाळी बुडण्याची, झाली असती. पाहायला तिसरं कोणी नव्हतं, फक्त ओमेश्वरी होती आणि ती पाटाकडे पाठ करून उभी होती.

"इहीनबाई," कुंजीलाल ओरडला, "थांबा."

आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या बांधीतले बगळे उडाले. ओमेश्वरी गर्रकन वळली. धुरपताचं फावडं वरच्या वर थांबलं. तिने ते सावकाश खाली घेतलं, धुऱ्यावर टेकवलं, आणि डोळ्यांवर हात धरून मोहाच्या झाडाकडे पाहिलं.

"आज बरं लवकर दिसलं तुमाले, इवाई," ती म्हणाली.