बरखीतला ताप

लोकेंद्र न्यौपानेला ताप आला तेव्हा बरखी, म्हणजे सुतकाचं वर्ष, सरत आली होती. बाप गेल्यापासून वर्षभर पोरगा पांढऱ्या कपड्यांत होता. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि चामडं चालत नाही म्हणून पायात कापडी बूट. दही बंद, कांदा-लसूण बंद, आणि सगळ्यात अवघड म्हणजे दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं बंद. आईच्या हातचं चाललं असतं, पण आई तिकडे कालिकोटच्या डोंगरात आणि हा कीर्तिपुरात कॉलेजला. कँटीनमध्ये बाकीचे मोमोंवर तुटून पडायचे तेव्हा हा बाहेर कट्ट्यावर बसून गावाकडचं सफरचंद खायचा. संध्याकाळी खोलीवर आला की स्वतःचा भात स्वतः टाकायचा.

शेजारच्या खोलीत जीत रोका राहायचा. रोल्पाकडचा, मगर जमातीचा, एकाच वर्गातला, आणि तोंडाला लगाम नसलेला.

"पंडित, सकाळी सकाळी असा पांढराफटक समोर येत जाऊ नकोस," तो म्हणायचा. "मीच मेलोय आणि तू मला पोचवायला आलायस असं वाटतं."

"तुला पोचवायला मी कशाला येऊ? तुझं थकलेलं भाडं बघून घरमालकीणच येईल."

अशी त्यांची मैत्री. जीतच्या स्टोव्हवर सुकटीचा रस्सा शिजला की लोकेंद्र आपलं दार लावून घ्यायचा, आणि जेवणं झाली की दोघं एका गच्चीवर बसून अभ्यास करायचे.

थट्टा होत असली तरी बरखी लोकेंद्रच्या जिवाला लागलेली होती. बाप आजारी पडला तेव्हा ह्याची परीक्षा चालू होती, म्हणून घरच्यांनी कळवलंच नाही. गावच्या लोकांनी बापाला खाटेवर घालून सडकेपर्यंत उतरवलं, आणि गाडीची वाट बघता बघता तो सडकेच्या कडेलाच गेला. मुलाच्या हातचं पाणीसुद्धा तोंडात पडलं नाही. पुढे काकानं बजावलं, "एक घास जरी चुकलास ना, तर तुझा बा मधेच अडकून पडेल. ना इकडचा ना तिकडचा." बाप एकदा सडकेवर अडकला होता. पुन्हा अडकू द्यायचा नाही, असं पोरानं मनाशी पक्कं केलं.

ताप आल्यावर आधी त्यानं नेहमीसारखंच रेटलं. भिंत धरून उठायचा, तांदूळ धुवायचा, भात शिजेपर्यंत स्टोव्हपाशीच आडवा व्हायचा. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. मग उठणंच होईना, तेव्हा केळी आणि उकळलेलं पाणी यांवर आला. जीतनं त्याला ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, भरती करा.

"भरती झालो की तिथलं खावं लागेल," लोकेंद्र बाहेर येऊन म्हणाला.

"नको खाऊ. सलाईन लावून घे. बाटली कुठल्या जातीची आहे ते मी विचारून घेतो."

"जीत, थोडेच दिवस राहिलेत रे."

"कुणाचे? बरखीचे का तुझे?"

लोकेंद्र टॅक्सीत बसला आणि खोलीचा पत्ता सांगितला. त्या दिवशी जीतनं आपल्या खोलीत तांदूळ-डाळीचं जाउलो केलं, लसूण न घालता, भांडं राखेनं घासून घेऊन. वाटी पुढे केली तर ह्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. जीतचं टाळकं सरकलं.

"मर मग उपाशी," तो म्हणाला, आणि वाटी तिथेच आपटून निघून गेला.

राग त्याचा फार टिकायचा नाही. सकाळी येऊन बघतो तर लोकेंद्र भलतंच बडबडत होता. खाट नीट धरा, म्हणत होता, उतार आहे. जीत त्याच्या उशाशी बसला, आणि त्याला एक युक्ती सुचली. त्यानं लोकेंद्रचाच स्टोव्ह पेटवला, त्याच्याच पितळी भांड्यात त्याचेच तांदूळ टाकले, आणि जाउलो शिजवून भांडं तसंच स्टोव्हवर ठेवलं. फडताळात तुपाची बाटली होती. आईनं पाठवलेली, झाकणावर मेण लावून बंद केलेली. बरखी उतरली की फोडायची म्हणून लोकेंद्रनं जपलेली. तिला मात्र जीतनं हात लावला नाही. सील फुटलेलं दिसलं असतं.

दुपारी लोकेंद्र भानावर आला. "कुणी केलं हे?"

"तूच की. मघाशी उठलास, मला शिव्या घातल्यास, आणि भात टाकून पुन्हा पडलास. आठवत नाही?"

लोकेंद्रनं भांड्याकडे पाहिलं, मग जीतकडे. बराच वेळ पाहत राहिला. मग हात धुवायला पाणी मागितलं आणि थोडं थोडं करत वाटी संपवली.

"मीठ जास्त पडलंय माझ्याकडून," तो म्हणाला. "उद्या मी जरा पातळ करीन. मला आठवण कर."

दुसऱ्या दिवशी जाउलो पातळ झालं, मीठही बेताचं पडलं. लोकेंद्रनं मागून घेतलं.

जीत शीळ घालत कॉलेजला गेला. मित्र जेवायला लागला म्हणजे बरा व्हायला लागला, असं त्यानं धरून टाकलं. जणू ताप भातावरच रुसून बसला होता. डॉक्टर भरती करा म्हणाले होते, ते दोघांच्याही डोक्यातून गेलं. इतक्या दिवसांचं सगळं भांडण हातचं कुणाचं यावर झालं होतं. ते मिटलं म्हणताना सगळंच मिटल्यासारखं वाटलं, आणि आतला रोग निवांत आपलं काम करत राहिला.

मग एका दुपारी लोकेंद्रच्या पोटात कळ उठली. तो पोट धरून दुमडला तो सरळ झालाच नाही. जीत आणि घरमालकिणीच्या मुलानं त्याला उचलून टॅक्सीत घातलं. इस्पितळात सांगितलं की टायफॉइडनं आतड्याला भोक पडलंय, उशीर झालाय. ऑपरेशन केलं. आई आणि काका गावाहून निघाले होते. ते बसमध्ये असतानाच लोकेंद्र गेला.

घाटावर अग्नी काकानं दिला. चितेकडे बघत त्यानं जीतला बाजूला घेतलं.

"तूच ना शेजारचा? खरं सांग. बरखी पाळली ना शेवटपर्यंत?"

"पाळली," जीत म्हणाला. "कुणाच्या हातचं शीतसुद्धा खाल्लं नाही."

काकानं डोळे पुसले. "थोरल्या भावाचं तरी पार पडलं," तो म्हणाला.

आई घाटावर आली नव्हती. ती लोकेंद्रच्या खोलीत बसली होती. सगळे परत आले, काका खाली नळावर आंघोळीला थांबला, जीत वर गेला. नवऱ्याच्या बरखीचं पांढरं लुगडं तिच्या अंगावर होतंच, तेव्हा मुलासाठी वेगळं काही नेसायचं उरलं नव्हतं. तिच्यासमोर पितळी भांडं पालथं होतं आणि मांडीवर तुपाची बाटली होती.

जीतला वाटलं, निदान एवढं तरी हिच्या पदरात टाकावं. "आमा, त्यानं बरखी मोडली नाही," तो म्हणाला. "कुणाच्या हातचं काही खाल्लं नाही."

तिनं मान वर केली. "काहीच नाही?"

"नाही."

"इतके दिवस?" तिचा आवाज फाटला. "म्हणजे माझा पोरगा उपाशी गेला?"

ह्याचा जीतनं विचारच केला नव्हता. मर मग उपाशी, हे त्याचे स्वतःचेच शब्द त्याला आठवले. तो दारातच खाली बसला.

"खोटं बोललो, आमा. मी रांधलं. त्याच्याच भांड्यात. त्यानंच केलंय असं त्याला सांगितलं."

"खाल्लं त्यानं?"

"खाल्लं. दुसऱ्या दिवशी मागून घेतलं."

"किती?"

"दोन वाट्या."

ती बराच वेळ रडली. आवाज न करता, तोंडात पदर धरून.

"तूप घातलंस?" तिनं विचारलं.

"नाही. सील तसंच आहे."

तिनं बाटलीकडे पाहिलं. मग भांडं उचलून उताणं केलं आणि त्याच्याकडे सरकवलं.

"तसंच कर," ती म्हणाली. "त्याला केलंस तसं. मला वाढ."

जीत गडबडला. नवऱ्याचं वर्ष अजून सरायचं होतं, त्यावर आज मुलाचं सुतक. ह्या बाईनं आता कुणाच्याही हातचं पाणीदेखील घ्यायचं नव्हतं. "आमा, काका येतील."

"येऊ देत."

त्यानं तांदूळ धुतले, डाळ टाकली, स्टोव्ह पेटवला. तिनं नखानं झाकणावरचं मेण खरवडायला घेतलं. खालून नळाचा आवाज थांबला आणि जिन्यावर काकाची पावलं वाजू लागली. तिनं दाराकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"पातळ कर," ती म्हणाली.