जमनीची चाल

आधीच सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला, तर तोंडात उरलेले माझे चार दात काढून तुमच्या हातावर ठेवीन. बैलांचं ऐकून हसाल, पण तेही खरं.

तर दिग्रसच्या कापूस बाजाराबाहेर लालसिंग हमाल पुंडलिकरावांच्या बैलगाडीआड उकिडवा बसून सख्ख्या बहिणीवर पाळत ठेवत होता. दारातून वाकून शिरणारा गडी, आणि गाडीच्या चाकामागे मावायची धडपड करत होता.

"काय गा लालसिंग," गाडीतल्या कापसावर आडवे झालेले पुंडलिकराव वरून म्हणाले, "बायकोनं हाकललं काय?"

"हळू बोला ना, काका. जमनी येऊन राह्यली."

"मंग? बहीण हाय तुह्यी, वाघ नाही."

पुंडलिकरावांना वेळच वेळ होता. त्या वर्षांत कापूस पिकला की भाव पडायचा, आणि भाव जरा उठला की खरेदीचा काटा बंद व्हायचा. बारदाना संपला म्हणे, भरायला पोतीच नाहीत. गाड्यांची रांग फाटकापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली. माणसं गाडीखाली भाकरी भाजत, गाडीवर झोपत, आणि दिवसभर एकमेकांची तोंडं पाहून कंटाळत. हमालांचे हातही रिकामे. म्हणूनच लालसिंगाच्या डोक्यात हे जमनीचं शिरलं.

जमनीला लहानपणी पोलिओ झाला. उजवा पाय कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीसारखा. गुडघ्यावर हात दाबून, कंबर एका बाजूला टाकून ती चालायची. तांड्यातली पोरं मागून तशीच चालत, आणि लालसिंग एकेकाला धरून धुवायचा. मोठ्यांनाही सोडलं नाही त्यानं. पुढे त्यानंच एका शिबिरातून तिला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणून दिला. बूट घातला की पाय ताठ, हात मोकळा. चालताना खटक खटक वाजे, पण नक्कल करण्यासारखं काही उरलं नाही. लालसिंगाला वाटलं, काम फत्ते.

आता मात्र ही बाई दर मंगळवारी शिवणकाम शिकायला जाते म्हणायची. अर्ध्या तांड्याचे ब्लाउज हीच शिवते, हिला कोण काय शिकवणार? परत यायची तेव्हा लुगड्याला दोऱ्याचा तुकडा चिकटलेला नसायचा, पाय धुळीनं माखलेले, आणि भाकरी थापताना गुणगुण चाललेली. विचारलं तर, "तुले कायले पाह्यजे?"

तेवढ्यात डफ वाजला.

रांगेच्या कडेला मोकळ्या जागेत माणसं जमली. चाकाच्या खुर्चीत अश्वजित, कोणाचा तरी खांदा धरून आलेली आंधळी कोकिळा, कॉलेजची पाच-सात पोरंपोरी, त्यांना नाच शिकवणारी यवतमाळची प्रियंका मॅडम. आणि जमनी.

"औषध विकणारे असतीन," रांगेत कोणी म्हणालं.

पण कोणी काही विकेना. अश्वजितनं खुर्चीला गिरकी दिली, तशी सगळ्यांनी गिरकी घेतली. खुर्ची कलेल तिकडे सारं रिंगण कले. मग कोकिळा हवा चाचपत निघाली, आणि सगळे डोळे मिटून तिच्यासारखे चाचपत निघाले. एक पोरगा थेट बैलाच्या तोंडावर जाऊन आदळला. लोक हसले, पण जागचं कोणी हललं नाही. गाड्यांवरून उतरून माणसं पुढे सरकली.

मग जमनी खाली बसली. तिनं बुटाचे पट्टे सोडले, बूट बाजूला ठेवला, आणि उठली. गुडघ्यावर हात, कंबर एका बाजूला. तीच चाल, भर बाजारात.

डफवाल्यानं ठेका तिच्या पायाला जुळवला. मागची धडधाकट पोरं एकेक करून वाकली, गुडघ्यावर हात ठेवला, आणि सगळी लंगडायला लागली.

पुढचं त्याचं त्यालाही कळलं नसेल. एका हातात पोती ओढायचा आकडा, दुसऱ्या मुठीत सगळ्यांत जवळच्या पोराची कॉलर. पोराचं नाव इंद्रजित. त्याच्या टाचा जमिनीवर नव्हत्या.

"माह्या बहिणीची नक्कल करते?"

डफ थांबला.

"भिया, सोड त्याले," जमनी म्हणाली.

"हे तुह्यी चाल करून राह्यले, दिसत नाही तुले?"

"मीच शिकवली त्यायले."

"काय शिकवलं?"

"चाल. मंगळवारी तेच असते. अन् याले तं अजून येतच नाही. पाय टाकते तं कंबर विसरते."

लटकलेल्या इंद्रजितनं मान हलवली. खरं होतं ते.

"लोकं हसून राह्यले, जमनी."

"हसू दे ना. पाहून तं राह्यले." ती गुडघा दाबत त्याच्यापुढे आली. "कोनी माह्यावानी चाललं का तू मारते. मंग सारे तुह्याकडं पाह्यते. तुह्या भेवानं माह्याकडं पाह्याचंच सोडलं लोकायनं. मी आली का माना खाली. किती वर्सं झाले, मले चालतानी कोनी पाह्यलं नाही. तूबी नाही."

खरंच, ती चालायला लागली की तो आजूबाजूची तोंडं पाहायचा, कोण हसतं, कोण वळतं. तिच्या पावलांकडे बघायला सवड कुठे होती?

मूठ सुटली. पोरगा खाली आला.

"अबे, वाजव ना," पुंडलिकराव गाडीवरून डफवाल्याला म्हणाले. "थांबला कायले?"

डफ सुरू झाला. जमनीचं एक पाऊल धप्प पडे, दुसरं धुळीत सर्रर ओढत येई. मधेच ती गुडघ्यावरचा हात उचले, आणि आता पडते की काय म्हणून सारी रांग श्वास धरी. ती पडत नसे. गाड्यांचे बैल त्या ठेक्यावर माना हलवायला लागले, घुंगरमाळा वाजायला लागल्या. आणि लालसिंगानं आकडा कमरेला खोचला, वाकला, गुडघ्यावर हात ठेवला, आणि बहिणीच्या मागे पाऊल टाकलं. पहिलं चुकलं. दुसऱ्याला कंबर बरोबर पडली, आणि रिंगणानं त्याला आत घेतलं.

आता दात मागायला हात पुढे करू नका. बैलांचं खरं आहे, पुंडलिकरावांना विचारा. शेवटचं तेवढं माझ्या पदरचं. लालसिंग नाचला नाही. दर वेळी सांगताना मीच त्याला रिंगणात ढकलते.

तो मागे सरला. जमनीचा बूट धुळीत आडवा पडला होता. कोणाच्या पायाखाली येईल म्हणून त्यानं तो उचलला, आतली माती फुंकून काढली, आणि लोकांकडे पाठ करून तिची पावलं पाहत उभा राहिला. थोड्या वेळानं फाटकातून आरोळी आली, काटा सुरू झाला. बाकीचे हमाल धावले. तो हलला नाही. नाच संपेपर्यंत बूट छातीशी धरून उभा होता, पट्टे खाली लोंबू नयेत म्हणून बोटात गुंडाळून.