मुक्कामाच्या खुणा

सयाजीने नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर एकेक बटाटा ठेवला.

"आवं, काय हे? जैनाच्या गाडीवर बटाटं मांडलंय?" ओसरीवरून त्याची बायको मनुबाई ओरडली. "गुणमालाताई असत्या तर गाडी धुऊन घ्यायला लावली असती."

बोलून गेल्यावर हातातलं सूप तिने उगाच दोनदा पाखडलं.

"राहू द्या वहिनी," धन्यकुमार म्हणाला. "बॉनेट तापलंय. उकडून निघाले की सुभेदार मीठ लावून खातील."

सयाजी हसला. जरा जास्तच मोठ्याने हसला.

धन्यकुमार तासगावजवळच्या आपल्या गावाहून विटा, पुसेसावळी, रहिमतपूर करत दुपारी कोरेगावात पोचला होता. गाडी अजून नवीनच होती. द्राक्षबाग मुलाच्या, अतिशयच्या, हातात दिली तेव्हा त्याने गाडी घेतली, आता जरा फिरू म्हणून. सयाजी सैन्यात ड्रायव्हर होता. नोकरीतली बरीच वर्षं त्याने हिमाचलात रामपूरहून वर पूहपर्यंत ट्रक नेले होते. दोघांची मुलं पुण्यात एका खोलीत राहायची, त्यातून दोन्ही घरांची ओळख झाली. मुलं पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेली, आईबापांची ओळख तेवढी राहिली.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ह्याच अंगणात, ह्याच नकाशावर चौघांनी बेत केला होता. येत्या उन्हाळ्यात, जून लागला की निघायचं. गाडी धन्यकुमारची, चालवायची दोघांनी मिळून. सतलजच्या कडेने चढत जायचं आणि पलीकडे स्पितीच्या खोऱ्यात उतरायचं. कल्पना गुणमालाची, म्हणजे धन्यकुमारच्या बायकोची. "शिखरजी झालं, श्रवणबेळगोळ झालं, सगळ्या यात्रा झाल्या," ती म्हणाली होती. "एकदा कुठंतरी हात न जोडता नुसतं बघायला जाऊ."

जानेवारीत तिला ताप आला. तो उतरलाच नाही.

तेव्हापासून धन्यकुमार बागेत जायचा, पण तिथे नुसता उभा राहायचा. घरी आला की मोबाईलवर त्या रस्त्यांचे व्हिडिओ बघत बसायचा. कडा पोखरून काढलेला रस्ता, डोक्यावर आलेला खडक, खाली गढूळ नदी, आणि समोरून येणारी बस. तीच तीच वळणं तो पुन्हा बघायचा. अतिशयने एकदा भीत भीत विचारलं, "पप्पा, जाणार हाय न्हवं जूनला?" तो "जाणार" म्हणाला, तेव्हा घरातल्या सगळ्यांना जरा बरं वाटलं. त्यालाही वाटलं. जूनच्या पुढे काय, हे त्याला दिसत नव्हतं. पण जूनपर्यंत जगायला हे एक काम होतं, आणि तेवढ्यासाठीच तो आज इथे आला होता.

"आता बघ, पाटील." सयाजीने नातवाचं खोडरबर घेतलं आणि नकाशावर वाकला.

नकाशावर पेन्सिलीच्या फुल्या होत्या. सपाटीवर त्या लांब लांब होत्या, डोंगर सुरू झाले की जवळ जवळ आल्या होत्या. त्या सगळ्या गुणमालासाठी काढलेल्या. दिवस मावळल्यावर ती अन्न घेत नसे, अगदी लहानपणापासून. म्हणजे दुपार कलली की गाडी कुठेतरी उभी करायला हवी. शेगडी पेटवायची, पाणी गाळून घ्यायचं, स्वयंपाक करायचा. तिकडच्या ढाब्यांवर सगळ्यातच कांदा-बटाटा, त्यामुळे पीठ-डाळही बरोबर न्यायची.

त्या दिवशी सयाजीने तिला सांगितलं होतं, "ताई, तिथं कडं लय उंच. खाली खोऱ्यात तीन वाजताच सावली पडती."

"म्हंजे दिवस मावळतो?"

"मावळत न्हाई. सूर्य डोंगराआड जातो. उजेड असतो की सातपतोर."

"पण दिसत नसंल तर मावळलाच की," गुणमाला म्हणाली होती. मग तिचं तिलाच खरं वाटेना. "महाराजांना विचारते."

"विचार, विचार!" धन्यकुमार वैतागला होता. "महाराज पायी हिंडतात, त्यांना गाडीचं काय? तुझ्या एका जेवणापायी सगळ्या प्रवासाचं खोबरं व्हायलंय. त्यापरीस तू घरीच थांब. आमी फोटो काढून आणतो तुला."

सगळे हसले होते. तीही हसली होती.

"रामपूर ते कल्पा एका दमात," सयाजी आता सांगत होता. एकेक फुली खोडत होता. "मधली ही नको. ही पण नको. कल्प्याहून पहाटंच निघायचं. म्होरं एक नाला हाय, तो दुपारच्या आत वलांडायचा. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आन् पाणी रस्त्यावर येतं. आमचा एक ट्रक दोन दिस तिथं अडकला होता. नाला झाला की मग रान मोकळं. झाड न्हाई, गवत न्हाई. नुसतं रंगारंगाचं डोंगर. तिथं तुझी ही गाडी कशी मुंगीवानी दिसंल बघ! अंधार पडला तरी चालत ऱ्हायचं. रातच्याला मुक्कामावर गरम राजमा-भात हाणायचा आन् झोपायचं."

त्याने खोडरबराचा चुरा फुंकून टाकला.

"बघ कसं मोकळं झालं."

नकाशा खरंच मोकळा झाला होता. रस्त्याची तांबडी रेघ आता अडथळ्याशिवाय वर जात होती. धन्यकुमार बघत राहिला. हेच तर त्याला हवं होतं. गणपतीच्या वेळी तो ह्याच्यासाठीच कुरकुर करत होता. ती गेली आणि सगळं सोपं झालं. शेगडी नको, पीठ नको, पाणी गाळायचं फडकं नको. गाडीत जागाच जागा.

त्याने कल्प्याच्या पुढे एका ठिकाणी बोट ठेवलं.

"हितं एक फुली राहू दे."

"हितं?" सयाजीने चष्मा वर केला. "हितं काय न्हाई गड्या. चार घरं आन् एक पूल."

"तरी राहू दे."

"कशाला पण?"

"चारच्या सुमाराला थांबू. चहा-बिहा घेऊ."

"चहा थर्मासात भरून घेऊ की. चालत्या गाडीत प्यायचा."

"थांबू म्हणतोय न्हवं."

सयाजीने पेन्सिल हातात घेतली, पण फुली काढली नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. मनुबाई सूप ठेवून खाली अंगणात आली होती. धन्यकुमारचं नकाशावर टेकलेलं बोट तिने पाहिलं, आणि तिला वाटलं की आपल्याला ह्याची समजूत काढता येईल.

"भावजी, एक सांगू का? ताईंच्या आठवणीनं थांबत असला तर नका थांबू. ताई कुठं थांबणारच नव्हत्या."

"म्हंजे?"

"एकवेळच जेवायचं ठरवलं होतं त्यांनी. सकाळी निघताना जेवायचं, की दुसऱ्या दिवशी सकाळपतोर काय न्हाई. दशलक्षण पर्वात दहा दिस करतेच की मी, म्हणायच्या, मग प्रवासात न्हाई व्हय जमणार? ह्यांना एकदा पोटभर गाडी चालवू दे, मधी थांबवायची न्हाई." मनुबाईने पदराने डोळे टिपले, पण ती हसत होती. "तुमाला आधी सांगायचं न्हाई म्हणून मला शपथ घातली होती. निघायच्या दिवशी सांगणार होत्या. त्येंचं तोंड बघायचंय मला, म्हणायच्या."

धन्यकुमारचं बोट नकाशावर तसंच होतं.

"फोनवर सारखं तेच बोलणं आमचं," मनुबाई म्हणाली. "घरी सवय करून बघतेय म्हणायच्या. दसऱ्यापासनं."

"दसऱ्यापासनं रोज?"

"रोज. मी म्हणलं बी, ताई, जून लांब हाय, आत्तापासनं कशाला जिवाला? तर म्हणाल्या, मधी सोडलं की परत जड जातं. सुरवातीला चक्कर यायची म्हणं. मग सवय झाली."

धन्यकुमारने नकाशावरचं बोट उचललं.

तो रात्री आठला जेवायचा. बागेतून यायलाच तेवढा वेळ व्हायचा. दसऱ्यानंतरचे दिवस म्हणजे छाटणी झालेली असते, फवारण्या सुरू असतात. तो आणि अतिशय दिवसभर बागेतच. सून तासगावला बँकेत. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गुणमाला घरात एकटी असायची. तो आला की त्याला वाढायची आणि शेजारी पाट घेऊन बसायची. तू जेवलीस का, हे विचारायची वेळ पस्तीस वर्षांत कधी आलीच नव्हती. ती दिवस असतानाच जेवते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

जानेवारीत सांगलीला दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, ह्यांच्या अंगात ताकद कशी राहिली नाही, ह्यांचं खाणं-पिणं कसं आहे?

"एकदम वेळेवर," त्याने सांगितलं होतं. सांगताना त्याला तिचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

"तुमाला ठावं असंल की, भावजी." मनुबाईचा आवाज बारीक झाला होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "एका घरात राहून कळल्याबिगर कसं राहील? व्हय न्हवं?"

सयाजीने पेन्सिल खाली ठेवली.

"ठावं होतं की," धन्यकुमार म्हणाला. "तिला वाटायचं मला म्हाईत न्हाई. मी पण दाखवलं न्हाई."

"तरी मी म्हणलं!" मनुबाईने श्वास सोडला. "मी ह्यांना म्हणत होते, भावजी लय पोचलेलं हायत. त्यांच्यापासनं काय लपत न्हाई."

"मग फुली काढू का नको?" सयाजीने विचारलं.

"नको. तू म्हणतोस तसंच जाऊ."

ऊन जरंडेश्वराच्या डोंगराकडे झुकलं होतं. धन्यकुमारने खिशात किल्ली चाचपली. निघतो म्हणाला, अंधारात आता पहिल्यासारखं दिसत नाही म्हणाला. मनुबाईने ऐकलं नाही.

"असं उपाशी कुणी जातंय व्हय? दोन घास खाऊन जावा. दोडका केलाय, कांदा घातला न्हाई."

ओसरीवर पान मांडलं. भाकरी, दोडका, वरण. मनुबाई भाकरीची टोपली घेऊन समोर बसली. पहिला घास तोंडातच फिरत राहिला. त्याने पाणी पिऊन तो खाली ढकलला आणि दुसरा घेतला. पान तसंच टाकून उठला असता, तर ही बाई रात्री अंथरुणावर पडून विचार करत बसली असती. दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत आपण फोनवर काय काय ऐकलं, आणि कुणालाच का सांगितलं नाही.

"पाटील, सहा जूनला निघायचं?" अंगणातून सयाजी ओरडला.

"चालंल."

"पहिला मुक्काम धुळ्याला धरतो. पोचायला जरा रात झाली तरी चालंल न्हवं?"

"चालंल."

"बघा, कसं लगेच व्हय म्हणतायत," मनुबाई म्हणाली. "अजून एक देऊ भाकरी?"

"अर्धी द्या," धन्यकुमार म्हणाला. ती त्याने खाल्ली. ताटाला वरणाचा थेंबही ठेवला नाही.

निघताना सयाजीने बटाटे गोळा केले, नकाशाची घडी घातली आणि खिडकीतून आत दिली. धन्यकुमारने ती परत त्याच्या हातात ठेवली.

"तुझ्याकडंच असू दे. माझ्याकडं हरवंल."

"हरवतोय कशाला? बरं, राहू दे माझ्याकडं." सयाजीने गाडीच्या टपावर थाप मारली. "सावकाश जा."

रहिमतपूर मागे पडल्यावर त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि अतिशयला फोन लावला.

"पोचलासा काय, पप्पा?"

"न्हाई. वाटंतच हाय. ऐक. जूनला मी जाणार न्हाई."

"का? काय झालं? भांडलासा व्हय?"

"भांडतोय कशाला? बागेत काम असतंय."

"बागेत मी हाय की," अतिशय म्हणाला. "पप्पा, तुमी एवढं ठरवलं होतं. जाऊन या. आईला पण बरं वाटलं असतं."

धन्यकुमारने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"सयाजीरावांना तूच सांग," तो म्हणाला. "बागेला माणूस मिळंना म्हणून सांग. माझं नाव घालू नको मधी."

"बरं. लावतो आत्ताच फोन."

"आत्ता नको."

"मग उद्या सांगतो."

"उद्या पण नको. मे लागू दे."

"आवं, पण ती माणसं तयारीला लागतील. लवकर सांगितलेलं बरं न्हवं?"

"नको म्हणतोय न्हवं," धन्यकुमार म्हणाला. "आजच वहिनींनी जेवू घातलंय मला."